दाब कमी म्हणजे पंप गेला असं नाही

प्रश्न : काका, नमस्कार. माझी बीएस-४ ची कॉमन रेल पिकअप आहे, चार सिलिंडरची. बीडहून सिमेंट भरून केजला आणतो. मोकळी गाडी झकास पळते. माल भरून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये मधेच दम टाकते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग कितीही एक्सलेटर दाबा, गाडी ओढतच नाही. बाजूला घेऊन चाबी बंद-चालू केली की चालते, पुढच्या चढाला पुन्हा तेच. टाकीत डिझेल कमी असलं की त्रास जास्त. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. टाकीचं झाकण उघडताना कधीकधी ‘सूंऽऽ’ आवाज येतो. मिस्त्रींनी स्कॅनर लावला तर पी ००८७ हा कोड आला. म्हणाले पंप गेला, ४५ हजार लागतील. डिझेल फिल्टर मागच्याच महिन्यात बदललाय. शेतात ट्रॅक्टरसाठी ड्रम भरून ठेवतो, त्यातलं डिझेल कधीकधी गाडीत टाकतो. पंप बदलू का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : नका बदलू. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातच तीन-चार गोष्टी अशा आहेत की त्या पंपाकडे बोट दाखवत नाहीत, टाकीकडे दाखवतात. झाकणाचा आवाज आणि कमी डिझेलची गोष्ट तुम्ही मिस्त्रींना सांगितली होती का? माझा अंदाज, नसेल. गिऱ्हाईक म्हणतं ‘गाडी ओढत नाही’, मिस्त्री स्कॅनर लावतो, कोड दिसतो आणि बोलणं तिथंच संपतं. जालन्यात माझ्या पंप तपासायच्या बेंचवर आलेले ‘गेलेले’ पंप मी चढवून बघतो, तर त्यातले कितीतरी चांगले निघतात. मालक तोवर नवा घेऊन बसलेला असतो.

आधी कोड काय म्हणतो ते बघू. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, रेलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, एवढा दाब हवा असं ठरवतो आणि रेलवरचा सेन्सर प्रत्यक्षात किती आहे ते सांगतो. मागितलेला आणि मिळालेला यांच्यात फार अंतर पडलं आणि ते काही वेळ टिकलं, की पी ००८७ नोंदला जातो. एवढाच त्याचा अर्थ. दाब का कमी पडला हे कोडला माहीत नसतं. डिझेल पंपापर्यंत पोचलंच नाही, पंपानं दाब केलाच नाही, केलेला दाब इंजेक्टरमधून नाहीतर रेलच्या सेफ्टी वॉल्व्हमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत जाणाऱ्या नळीत, निघून गेला, किंवा दाब ठीक आहे पण सेन्सर खोटं बोलतोय, या चारही वेळा कोड हाच. तो नोंदल्यावर इंजिन सांभाळायला ईसीयू ताकद कापतो. तुमची गाडी घाटात रांगते ती त्यामुळं. चाबी बंद-चालू केली की तो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं.

आता हे फक्त माल भरल्यावर आणि चढालाच का होतं? गाडी उभी राहून नुसती चालू असते तेव्हा अशा इंजिनच्या रेलमध्ये साधारण २५० ते ३०० बार दाब असतो आणि डिझेल लागतं अगदी थोडं. अर्धवट तुंबलेला फिल्टरही तेवढं पुरवतो. भरल्या गाडीनं घाट चढताना मागणी हजार-बाराशे बारच्या पुढं जाते, या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत १६०० पर्यंत, आणि डिझेलही कितीतरी पट लागतं. पुरवठ्याची वाट कुठं अरुंद असेल तर ती तिथं उघडी पडते. म्हणून गॅरेजसमोर उभी करून रेस मारून ‘बघा, चांगली चालतेय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ही गाडी घाटातच तपासावी लागेल.

दुसरी गोष्ट, तुमच्या गाडीत डिझेल ढकललं जातं की ओढलं जातं हे माहीत करून घ्या. काही गाड्यांत टाकीमध्ये इलेक्ट्रिक पंप असतो. रेडिओ, पंखा बंद करून चाबी फिरवली की मागून काही सेकंद गुणगुण ऐकू येते. तो डिझेल पुढं ढकलतो. असा पंप नसेल तर हाय प्रेशर पंपालाच जोडलेला लहान गिअर पंप टाकीतून डिझेल ओढून आणतो. फरक मोठा आहे. ढकलणाऱ्या गाडीत नळी कुठं सैल असेल तर डिझेल बाहेर येतं, चेसिस ओली होते, हेल्परलाही दिसतं. ओढणाऱ्या गाडीत सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत, आणि गाडी एअर घेतेय. चिरलेल्या नळीनं उसाचा रस ओढून बघा, म्हणजे पंपाचं काय होतं ते कळेल. तुमची सगळी लक्षणं ओढणाऱ्या गाडीची वाटतात, म्हणून पुढचं त्या हिशोबानं लिहितोय. टाकीत पंप असेल तर त्याचा दाब फिल्टरजवळ गेज लावून मोजायला सांगा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा.

झाकणापासून सुरुवात करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टाकीतून डिझेल जसं कमी होतं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती येण्याचं भोक झाकणात नाहीतर वेगळ्या नळीत असतं. बीड-केज पट्ट्यातली धूळ, त्यावर पावसाचा चिखल, की ते भोक बुजतं. मग पंप ओढतोय आणि टाकी सोडत नाही अशी रस्सीखेच सुरू होते. आवाज आत हवा जाण्याचा होता की बाहेर वाफ येण्याचा, हे हात धरून बघा. उन्हात उभ्या टाकीतून थोडी वाफ बाहेर आली तर त्यात काही नाही. लांब पळवून आणलेल्या गाडीची टाकी झाकण काढताच हवा आत ओढत असेल तर भोक तुंबलंय. पुढच्या खेपेला टाकी काठोकाठ न भरता, झाकण थोडं सैल ठेवून घाट चढा. दिवा लागला नाही तर तुमचे ४५ हजार वाचले. झाकण साफ करा नाहीतर नवं घ्या. सैल ठेवून कायम फिरू नका, धूळ आणि पाणी दोन्ही आत जातं.

झाकणानं फरक पडला नाही तर मग कमी डिझेलवाली गोष्ट. मला सगळ्यात जास्त संशय इथं आहे. टाकीतली ओढणारी नळी वरच्या बाजूला चिरली असेल किंवा तिचा जोड सैल असेल, तर टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलमध्ये बुडालेली राहते आणि काही कळत नाही. डिझेल चिरेच्या खाली गेलं की नळी डिझेलबरोबर हवाही ओढायला लागते. त्यात घाट, म्हणजे टाकीतलं उरलेलं डिझेल मागं सरकलेलं. टाकीवरचं युनिट काढून नळी आणि तिच्या तळाची जाळी बघायला सांगा. जाळीवर ड्रममधला गाळ, गंज, कधी तर पोत्याचे धागेसुद्धा सापडतात. टाकी फुटलेली दिसली तर कुणालाही तिथल्या तिथं वेल्डिंग मारू देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि ती पेटली की टाकी फुटते.

सकाळच्या सेल्फचंही गणित इथंच जुळतं. रात्रभर हवा शिरून डिझेल टाकीकडं उतरतं, सकाळी पंपाला आधी हवा उपसावी लागते. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हँड पंप दाबून बघा. तो मऊ लागला, बऱ्याच वेळा दाबल्यावर घट्ट झाला आणि मग गाडी पटकन चालू झाली, तर एअर नक्की. फिल्टरच्या खालची ओ-रिंग, हँड पंपाचं सील, रबरी होजच्या क्लिपा, बंजो बोल्टचे (मधून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, सगळे जोड एकेक करून बघायला सांगा. मागच्या महिन्यात फिल्टर बदललाय म्हणता, तर त्यावेळी जुनीच ओ-रिंग परत बसवली का, हेही विचारा. नव्या फिल्टरबरोबर नवी ओ-रिंग येते आणि ती बऱ्याचदा डब्यातच राहते.

दुपारी ढाब्यावर गरम गाडी बंद करून पुन्हा चालू करता तेव्हा सेल्फ लांबतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. त्यावरून बरंच कळतं. सकाळी लांब आणि गरम असताना झटकन चालू, म्हणजे एअर. सकाळी झटकन आणि गरम झाल्यावर लांब, म्हणजे इंजेक्टर किंवा पंप आतून झिजलेत. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त गळतं, सेल्फच्या फेऱ्यांवर रेलमध्ये पुरेसा दाब साठत नाही.

एअर डोळ्यांनी बघायची असेल तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी टाका. चालू केल्यावर पहिले काही बुडबुडे येणारच. नंतरही बुडबुड्यांची माळ थांबत नसेल, रेस मारल्यावर वाढत असेल, तर हवा मागून येतेय. बुडबुडे नाहीत पण नळी चपटी होतेय, तर वाट तुंबलीय. मिस्त्रींकडं व्हॅक्यूम गेज असेल तर तिथंच लावून बघता येईल: काटा फार चढला तर तुंबलेलं, काटा नीट चढतच नाही आणि बुडबुडे आहेत तर एअर.

आणि खात्रीची परीक्षा म्हणजे कॅनची. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल भरा, कॅन मागं हौद्यात दोरीनं घट्ट बांधा, मूळ नळीएवढ्याच जाडीची होज खाली आणून नव्या फिल्टरला जोडा. केबिनमध्ये कॅन ठेवायचा नाही, आणि होज टर्बो-सायलेन्सरच्या जवळून न्यायची नाही. रिटर्न टाकीतच जाऊ द्या, फक्त कॅनमधलं संपत आलं की थांबा. आता माल भरून घाट चढा. गाडी विनातक्रार वर गेली तर हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, सेन्सर सगळे सुटले. खोट टाकी, जाळी, नळ्या किंवा जुन्या फिल्टरमध्ये आहे. एवढी साधी परीक्षा करायला लोक का कंटाळतात मला कळत नाही. पंप उतरवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कॅनवरही दिवा लागला तर मात्र पुढं जावं लागेल. आधी सेन्सर. गाडी बराच वेळ बंद ठेवून चाबी चालू करा, इंजिन नाही. स्कॅनरवर रेलचा दाब शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. पाच व्होल्टच्या सेन्सरवर हे अर्ध्या व्होल्टच्या जवळपास येतं. इंजिन बंद असून ऐंशी-शंभर बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर खातात, प्लग काढून बघा. नंतर घाटात शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा, स्वतः चालवताना बघू नका. मागितलेला आणि मिळालेला दाब एकत्र बघायचा. मागणी वाढेल तसा मिळालेला हळूहळू मागं पडत गेला तर पुरवठा किंवा झीज. एकदम वर-खाली उड्या मारत असेल तर एअर, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग वॉल्व्ह किंवा सैल कनेक्शन.

मग इंजेक्टरची रिटर्न चाचणी. गरम इंजिनवर चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सारख्या चार बाटल्यांत सोडायच्या, ठराविक वेळ चालवायचं आणि पातळ्या जुळवायच्या. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर दाब त्या इंजेक्टरमधून पळतोय. सगळ्याच जास्त भरल्या तर पुस्तकातला आकडा बघा. रेलच्या सेफ्टी वॉल्व्हची रिटर्नही काढून बघायची, ती कोरडी असायला हवी. हे सगळं झाल्यावरच पंपाचं नाव घ्यायचं.

एक गोष्ट मात्र आजच करा. महिन्याभरापूर्वी काढलेला फिल्टर अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडला असेल तर कापून बघा, नसेल तर आत्ताचा. काळा चिकट गाळ, पाणी, गंज निघाला तर दोष ड्रमचा. पण डिझेलमध्ये चंदेरी चमक, रंगात मिसळलेल्या चमकीसारखी बारीक धातूची पूड दिसली, तर मिस्त्री बरोबर आहेत. पंप आतून खातोय. तेव्हा नुसता पंप बदलून भागत नाही. ती पूड रेलमध्ये, नळ्यांत, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमधून टाकीतही गेलेली असते. हे सगळं साफ न करता नवा पंप बसवला तर तोही जाईल.

ड्रमचं डिझेल गाडीला घालणं बंद करा असं मी सांगितलं तरी तुम्ही घालणार, उसाच्या हंगामात पेट्रोल पंपावर जायला वेळ कुठाय. मग निदान ड्रम सावलीत आडवा ठेवा, हलवल्याबरोबर काढू नका, तळाचं कधीच घेऊ नका, आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता. रात्री गार, दिवसा गरम होणाऱ्या अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये दव धरतं आणि पाणी तळाला बसतं. फिल्टरखालचा पाण्याचा नट मधूनमधून सोडून बघत जा.

आता एक इशारा, तुमच्यासाठी नाही, तुमच्या मिस्त्रींसाठी. त्यांना हा अंक दाखवा. जुन्या पंपाच्या गाड्यांत कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायला आपण चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट सैल करायचो. मीही तसंच शिकलो, सगळे उस्ताद तसंच शिकवायचे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. हजार बारच्या वरचं डिझेल सुईच्या टोकाएवढ्या फटीतून बाहेर पडलं तर कातडी भेदून आत जातं. गळती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. इंजिन बंद केल्यावरही पाइप उघडायच्या आधी काही मिनिटं थांबायचं. आणि हाताला डिझेलची पिचकारी लागलीच, तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, तरी हळद लावून घरी जायचं नाही. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जाऊन ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

झाकण, हँड पंप, कॅन या क्रमानं करा आणि काय निघालं ते कळवा.

प्रश्न : माझी पिकअप जुनी, लाइन पंपाची आहे, तिला स्कॅनर लागत नाही. वसमतच्या मोंढ्यात हळद नेतो. ताकद कमी झालीय, पंप नुकताच कॅलिब्रेट केलाय. डिझेलचा दाब कुठं बघायचा?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : फीड पंपाकडं. लाइन पंप म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा दाब देणारा जुन्या पद्धतीचा पंप. त्याच्या अंगाला चिकटलेला फीड पंप डिझेल फिल्टरमधून पंपाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या डिझेलच्या वाटेत, ढकलतो. तिथं साधारण १ ते १.५ बार दाब हवा, चालू इंजिनवर साधं गेज लावून मोजता येतो. कमी आला तर आधी फीड पंपाखालची जाळी काढून धुवा. ती असते हेच कित्येकांना माहीत नसतं. मग ओव्हरफ्लो वॉल्व्ह. त्याची स्प्रिंग ढिली पडली की डिझेल गॅलरीत थांबायच्या आधीच रिटर्नला निघून जातं आणि बेंचवर बरोबर दिसलेला पंप गाडीवर उपाशी राहतो. कॅलिब्रेशन करणाऱ्यानं बहुतेक बेंचवरचा स्वतःचा वॉल्व्ह लावून पंप बघितला आणि तुमचा जुना तसाच परत दिला. डिपस्टिक काढून ऑइलची पातळीही बघा. न घालता वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचं सील गेलंय. तशी गाडी चालवू नका, बेअरिंग जातील.

प्रश्न : डिझेलमध्ये थोडं रॉकेल टाकलं की नोझल साफ राहतात आणि बीएस-६ च्या डिझेलमध्ये टू-टी ऑइल टाकलं की पंप टिकतो, असं आमच्याकडं सगळेच सांगतात. खरं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्ही खोटं, आणि रॉकेल जास्त महाग पडेल. पिकअपसारख्या गाड्यांत कॉमन रेलच्या पंपाला बहुतेक वेगळं ऑइल नसतं, आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल पातळ, त्याच्यात ते वंगण नाही. पंप झिजतो, झिजलेला पंप दाब करत नाही, आणि मग वरच्या केजच्या भाऊंसारखं पत्र येतं.

टू-टीच्या गोष्टीला थोडं मूळ आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो. पण तो भरून काढायचं मिश्रण डिझेल पेट्रोल पंपावर येण्याआधीच त्यात घातलेलं असतं, त्याची वेगळी चाचणी असते. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आहे. ऑइलची राख त्यात साठते आणि ती जळून निघत नाही. टू-टीचे पैसे चांगल्या डिझेल फिल्टरवर घाला.